आत्याबाई, शेपूट द्या

दारात थांबायचं, डोक्यावरची लोकरी टोपी काढायची आणि आत डोकावून विचारायचं, "येऊ का?"

आत कोण? तर कधी उंट, कधी गेंडा, कधी पोट बिघडलेलं कासव. उत्तर काही यायचं नाही. पण डॉक्टर क्षणभर थांबायचे, आतून कुणी 'या, या' म्हणाल्यासारखी मान हलवायचे आणि मगच पाऊल टाकायचे. बाहेर उणे वीस असो नाही तर वारा कान कापत असो, विचारल्याशिवाय हा माणूस कुठल्या जनावराच्या घरात शिरला नाही. नवीन आलेल्या स्टाफला वाटायचं, फोनवर बोलतायत.

मी कॅनडातल्या एका प्राणिसंग्रहालयाच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन. रक्त, लघवी, शेण, जे समोर येईल ते तपासायचं आणि नाक मुरडायचं नाही. डॉक्टर परभणीकडचे, मी नागपूरची. दोघंही राहायला मिसिसागात, त्यांचं टाउनहाऊस आमच्या मागच्याच रस्त्याला, त्यामुळे आमचं कारपूल. दोन हजार सालानंतरची कितीतरी वर्षं मी सकाळ-संध्याकाळ या गृहस्थांच्या शेजारी बसून हायवेवर घालवली आहेत. इतकं तर मी माझ्या नवऱ्याशीही बोलले नसेन. गाडी ते फार हळू चालवायचे. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून बेजार व्हायचे आणि हे आपले म्हणायचे, "जाऊ द्या, घाई असेल बिचाऱ्यांना."

ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या मराठी मंडळींच्या पॉटलकला गेलं की लोकांना एवढंच कळायचं, डॉक्टर आले. कशाचे डॉक्टर, ते कोण विचारतो! एका वहिनींनी भर बेसमेंटमध्ये, हातात पावभाजीची डिश असताना, यांच्यापुढे सुजलेला गुडघा केला. डॉक्टरांनी वाकून नीट बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही गाय असता तर आत्ताच्या आत्ता सांगितलं असतं." वहिनी वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मी हसता हसता गुलाबजामचा पाक साडीवर सांडून घेतला.

पण त्यांची खरी गंमत वेगळीच. हा माणूस जनावरांशी मराठीत बोलायचा, आणि तेही अहो-जाहो करून. "उठा." "जरा मान इकडे करा." "झालं, झालं, सुटलात." उंटाला काका म्हणायचे आणि गेंड्याला पाटील. एकदा न राहवून मी म्हटलंच, की डॉक्टर, जनावरांना कुणी अहो म्हणतं का? आमच्याकडे माया असली की अरे-तुरेच. तर म्हणाले, "ताई, ज्याला सुई टोचायची त्याला निदान अहो तरी म्हणावं."

इंग्रजीत त्यांना ही सोयच सापडत नव्हती. सगळ्यांना आपलं एकच यू. साहेबालाही यू आणि सशालाही यू. शिवाय घरी त्यांचं मराठी ऐकायला होतं कोण? बायको शिफ्ट करून झोपलेली, मुलगी इंग्रजीत उत्तर देणारी. वाघीण निदान मध्येच 'व्हॉट?' म्हणत नाही, असं त्यांचं म्हणणं.

ही वाघीण म्हणजे तान्या. सैबेरियाकडची जात, बर्फात मजेत लोळणारी. तिला हे आत्याबाई म्हणत. कारण विचारलं तर म्हणाले, आमची थोरली आत्या लग्नघरात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे अशीच बघायची आणि लोक तिच्यासमोरूनही असेच जपून जायचे. यांचं ऐकून सगळ्या स्टाफने ते नाव उचललं. वाघांची देखभाल करणारा ब्रायन नावाचा एक आडदांड कीपर होता. तो तर 'आट्याबाय' ही भारतातल्या राजघराण्यातली काहीतरी पदवी आहे असंच समजून होता. आम्ही दोघांनीही त्याचा गैरसमज दूर केला नाही.

तान्याला एक भाऊ होता. म्हातारपणी त्याची किडनी बिघडली. वाघाचं रक्त तपासायचं तर डार्ट मारून भूल द्यायची, तेव्हा आमच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. डॉक्टरांनी भूल दिली. सगळं रीतसर झालं, आमच्या मुख्य डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या होत्या, कुठे काही चुकलं नाही. पण थकलेलं शरीर, तो भुलीतून उठलाच नाही. त्या संध्याकाळी परतताना डॉक्टरांनी माझ्या घरासमोर गाडी थांबवली आणि स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "मी त्याला काही सांगितलंच नाही हो. न सांगता लांबून सुई मारली."

पुढच्या वर्षी तान्याला तोच आजार लागला. औषध नीट द्यायचं तर वरचेवर रक्त तपासायला हवं, आणि दर वेळी भूल दिली तर हीसुद्धा भावाच्या वाटेने जायची भीती. डॉक्टरांनी ठरवून टाकलं, हिला भूल द्यायची नाही, हिने आपणहून रक्त द्यायचं. वाघाच्या शेपटीत खालच्या बाजूला शीर असते. वाघीण जाळीला टेकून बाकावर आडवी झाली आणि तिने शेपूट जाळीखालच्या फटीतून बाहेर दिलं, तर जागेपणी रक्त काढता येतं. दुसरीकडे कुठे कुठे असं करतात, हे त्यांनी वाचलं होतं. आता वाघिणीला हे समजावणार कोण, एवढाच प्रश्न.

मुख्य बाई काही वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, तपासणीशिवाय अंदाजाने औषधं देत जनावराला कुढत ठेवणं मला पटत नाही. हिवाळा संपेपर्यंत वेळ घ्या. तोवर नाही जमलं, तर तिला शांतपणे निरोप देऊ. डॉक्टरांनी मान डोलावली खरी, पण गाडीत मला म्हणाले, दुसऱ्यांदा नाही सोसायचं मला.

मग रोज दुपारी हे महाशय जाळीबाहेर उपड्या बादलीवर बसायला लागले. हातात स्प्रेची बाटली, तिच्यात शेळीचं दूध. तेही स्वतःच ग्रोसरीतून आणायचे. "आत्याबाई, इकडे या." आली की दुधाची चिळकांडी तोंडात. "आडव्या व्हा." पुन्हा चिळकांडी. "शेपूट द्या." इथे सगळं अडायचं. आत्याबाई दूध पिऊन, मिशा चाटून, शेपूट पोटाशी घेऊन निवांत बसायच्या. की यांचं सुरू: अहो, दोन मिनिटांचं काम आहे, मुंगी चावल्यासारखं होईल, खोटं नाही सांगत. मी शेजारी पाय आपटत उभी. मनात म्हणायची, माझ्या पोराचा होमवर्कसुद्धा इतक्या गोडीने कुणी घेतला नाही.

पण थंडी सरत आली तसं शेपूट फटीजवळ यायला लागलं. मग बाहेर आलं. ब्रायनने ते हलकेच धरायचं, डॉक्टरांनी बोट लावायचं. मग ओला कापूस. मग बोथट सुई. खरी सुई मात्र मुदतीच्या शेवटच्या दिवशी, मुख्य बाईंच्या समोर लावायची ठरली.

आणि त्याच दिवशी सकाळी गाडीत बसते, तर डॉक्टरांचा आवाज गायब! आदल्या दिवशी फावड्याने ड्राइव्हवे साफ करता करता शेजारच्या पंजाबी आजोबांशी भर बर्फात तासभर गप्पा झोडल्या होत्या. घशातून नुसती हवा. मी कपाळाला हात लावला.

वाघांच्या घरात सगळे जमलो. आधी ब्रायनने नशीब आजमावलं. "आट्याबाय, शेपूट ड्या." तान्याने मोठी जांभई दिली. मुख्य बाईंचा चेहरा पडला. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मला तर हुरूपच आला. मराठी काय, माझ्या घरची भाषा! मी पुढे झाले आणि आवाजात आणता येईल तेवढी माया आणून म्हटलं, "ये गं, ये माझी सोनुली, शेपूट दे बरं."

तान्याने माझ्याकडे असं पाहिलं, की ही उपटसुंभ कोण? उठली आणि पाठ फिरवून पार कोपऱ्यात जाऊन बसली.

डॉक्टर बादलीवरून ताडकन उठले. चेहरा लालबुंद, दोन्ही हात हवेत, तोंड उघडं आणि आवाज नाही. मला वाटलं, यांना काही झालं की काय. माझ्या कानाशी येऊन, सगळा जीव एकवटून ते फुसफुसले, "ताई, अहो म्हणा! दे नाही, द्या. तिला दे कळत नाही."

खरंच होतं त्यांचं. बिचारीने 'दे' कधी ऐकलंच नव्हतं, आणि मी आपली भलत्याच लाडात शिरले होते. मी पदर सावरावा तसं जॅकेट सावरलं, घसा साफ केला आणि सासरच्या वडीलधाऱ्यांशी बोलावं तशी म्हटलं, "आत्याबाई, इकडे या. आडव्या व्हा. शेपूट द्या."

तान्याने वळून पाहिलं. जरा विचार केला. मग सावकाश आली, बाकावर आडवी झाली आणि शेपूट फटीतून बाहेर सरकवलं. ब्रायनने धरलं, डॉक्टरांनी सुई लावली, माझी नळी भरली. वाघीण दूध चाटत होती, तिला पत्ताही नाही. मुख्य बाईंनी मला विचारलं, दुसऱ्यांदा तुम्ही वेगळं काय केलंत? मी म्हटलं, आय वॉज मोअर पोलाइट. त्यांना ते लगेच पटलं. कॅनेडियनच त्या!

रिपोर्ट मीच काढला. किडनी अजून तग धरून होती, औषधाने भागण्यासारखं होतं. मी सांगितलं तेव्हा डॉक्टरांना ओरडता येईना, म्हणून त्यांनी लॅबमध्ये दोन गिरक्या घेतल्या आणि माझं स्टूल पाडलं. आत्याबाईंनी त्यानंतर आणखी काही हिवाळे मजेत काढले.

आता डॉक्टर आमच्याकडे नाहीत. बायकोला हॅलिफॅक्सला चांगली नोकरी लागली, टाउनहाऊस विकून गेले. तिकडे सीलचे दात बघतात. सीलना अजून मराठी येत नाही, अशी तक्रार असते. मी एकटीच गाडी चालवते, सगळ्यांना ओव्हरटेक करते आणि लवकर घरी पोचून काय करायचं ते मला कळत नाही. फोनवर ते इथल्या एकेका जनावराची नातेवाइकासारखी चौकशी करतात. फक्त एका दिवसाबद्दल बोलत नाहीत. तो मी सांगते.

ते जाण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तान्याची किडनी पार थकली होती. ती खात नव्हती, जागची उठत नव्हती. मुख्य बाईंनी निरोपाचं विचारलं आणि डॉक्टरांनीच हो म्हटलं. डार्ट नको, शेपटीतूनच औषध देऊ, म्हणाले. पण सकाळी गाडीत त्यांना ते सहन होत नव्हतं.

"ती विश्वासाने शेपूट देणार, ताई, आणि मी त्यातून हे सोडणार. ही फसवणूक नाही का?"

मी म्हटलं, "मग तिला सांगा. सगळं सांगा आणि मग मागा."

दुपारी ते जाळीजवळ बसले आणि त्यांनी खरोखरच सांगितलं. साध्या मराठीत, एकेक करून. आत्याबाई, दुखणं फार झालं. आजचं औषध नेहमीचं नाही. याने झोप लागेल आणि मग उठायचं नाही. मी तोंड फिरवून रडत होते. वाघिणीला काय कळलं असेल ते असो, ती त्यांच्याकडे बघत होती. मग ते म्हणाले, "शेपूट द्या." आणि जागची न हलणारी ती तान्या उठली, झोकांड्या खात बाकापर्यंत आली, आडवी झाली आणि तिने शेपूट बाहेर दिलं.

सुई काढल्यावरही डॉक्टरांनी शेपूट सोडलं नाही. हातमोजा काढला आणि उघड्या हाताने ते कुरवाळत राहिले. "झोप," ते म्हणाले. "झोप गं माझे बाई. मी आहे इथे."

ब्रायनचेही डोळे भरले होते. त्याने मला हळूच विचारलं, ते काय म्हणाले?

मी सांगितलं, झोप म्हणाले. बाकीचं इंग्रजीत कसं सांगायचं, ते मला अजूनही कळलेलं नाही.