कोपरानं सरकवलेली नोट

भिंगारच्या बाजारात मोटार रिवाइंडिंग करणारा एक माणूस आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. शटर उघडलं की तो आधी मोबाईलवर डॉलरचा भाव बघतो, कारण तांब्याची तार त्यावरच महागते. तारेचे वेढे तो हातानंच घालतो, पुटपुटत मोजतो. मशीन घ्यायचं ठरलं होतं, पण बँकेचं व्याज वाढलं आणि ते राहूनच गेलं. मोजताना कुणी बोललं तर आकडा चुकतो आणि सगळी तार उलगडावी लागते. म्हणून गिऱ्हाईक मुकाट उभं राहतं.

सोमवारी आमची पाण्याची मोटार जळाली. त्यानं तोंडीच भाव सांगितला. गुरुवारी आणायला गेलो तोवर रुपया घसरून तार महागली होती.

"वरचे पैसे घ्या की," मी म्हणालो.

"डालरला रोज बदलायची सवय हाय, सर. आपल्याला न्हाई. सोमवारी सांगितलं ते सांगितलं."

एवढं बोलून तो दुसऱ्या मोटारीकडे वळला. ठरलेले पैसे देऊन मी हळूच वरची शंभराची नोट टेबलावर ठेवली.

"एकेचाळीस, बेचाळीस..." मोजता मोजताच त्यानं ती कोपरानं माझ्याकडे सरकवली.

आता मला बोलताही येईना.