कोरं म्हणजे काय?

चहा आला की साहेब आधी हुंगायचे, मग कपात डोकावायचे, मग शिपायाला विचारायचे, "कालचाच नाही ना?" लोणावळ्याच्या आमच्या धरणाच्या ऑफिसात त्यांना सगळे शंकासुर म्हणत. मीसुद्धा. पाठीमागे, अर्थात!

सत्तरच्या दशकाच्या शेवटी ऑफिसात कॉम्प्युटर आला. तलावात पाणी किती, धरणाखालच्या नदीत किती, पाऊस किती, हे आकडे कार्डांवर भोकं पाडून त्याला द्यायचे; धरणाचे दरवाजे किती उघडायचे ते तो छापून देणार. भोकं पाडायचं काम माझं. प्रश्न एवढाच, की आकडे मांडायचे कसे? मुंबईचे इंजिनिअर म्हणाले, एकाच कार्डावर, ठरलेल्या रकान्यांत, ओळीनं. सुटसुटीत! साहेब म्हणाले, "प्रत्येक आकड्याचं वेगळं कार्ड. आधी 'नदी', 'पाऊस' असं नाव, मग आकडा."

म्हणजे कार्डांचा ढीग माझ्या बोकांडी. साहेबांचा आमच्यावर भरवसा नाही, असंच मी धरून चालले. डबा खाताना सगळ्यांनी त्यांच्या नावानं बोटं मोडली.

चाचणीच्या दिवशी साहेबांनी इंजिनिअरच्या कार्डावर नदीचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवायला लावला. "कोरं म्हणजे काय हो? शून्य, की लिहायचं राहिलं?" इंजिनिअर हसले. यंत्र काही हसलं नाही. कागद बाहेर आला: नदीत पाणी शून्य, सगळे दरवाजे पूर्ण उघडा.

बाहेर झड लागलेली, आणि खाली कार्ल्याजवळ नदीला लागून आमचं घर. संध्याकाळी वडलांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजी आमी झोपंतच वाहून गेलो असतो, व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून नावाची कार्डं सुरू झाली. एखादं राहिलं, की यंत्र तसं छापून गप्प बसायचं. मी कुरकुर सोडली. तरी साहेब रोजचा गठ्ठा स्वतः तपासायचेच. "बाई, राग मानू नका. माझा माझ्यावरही भरवसा नाही."

निवृत्तीच्या दिवशी मात्र त्यांनी टेबलावरचा गठ्ठा न उघडताच माझ्या हातात दिला. "तुम्ही केलंय ना? मग असू दे." मी हरखूनच गेले. यंत्रापाशी पोचले आणि मनात पाल चुकचुकली. हा माणूस, आणि न तपासता? गठ्ठा सोडला. नदीचं कार्ड कालचं होतं.

वळले तर साहेब दारात उभे, आजचं कार्ड त्यांच्या खिशातून डोकावतंय. ते त्यांनी मला दिलं. "आता निवांत जातो," म्हणाले. मला रडूच आलं.

निरोपाचा चहा त्यांनी न हुंगता घेतला. माझा कप मात्र मी आधी हुंगला.