आजींना न उचलण्याचं काम

आधी डॉक्टरबाईंचं सांगते, मग बाकीचं. पनवेलच्या मासळी बाजारामागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता. बाहेर एक बाकडं, आत हिरवा पडदा, आणि पडद्यामागून त्यांचा आवाज, "पुढचं कोण? या." माझी शाळा सातवीत सुटली. पण त्या मला समोर स्टुलावर बसवून सगळं समजावून सांगायच्या, आणि समजलं की नाही ते माझ्याच तोंडून वदवून घ्यायच्या. आज मी चार घरी मानानं जाते, ते त्यांच्यामुळे.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी लातूरकडची. तिथून पनवेलला यायला एसट्या बदलत बदलत अख्खा दिवस जायचा. नवरा सेंट्रिंगच्या कामावर होता, नवीन पनवेलच्या इमारतींवर. काम हललं की मुकादमाबरोबर तोही हलायचा, आणि मी पत्र्याच्या खोलीत एकटी. मग ओळखीतून एका कोळ्यांच्या घरी म्हातारीला सांभाळायचं काम मिळालं. राहणं-खाणं तिथंच. मला केवढा आधार झाला. पण तेव्हापासून एकच धास्ती मनात बसली: हे काम गेलं तर मी जाऊ कुठं?

आजी मूळच्या उरणकडच्या. जन्मभर त्यांनी डोक्यावर पाटी घेऊन पनवेलच्या बाजारात मासळी विकली. मुलगा बंदराच्या कामाला लागला, पनवेलात पक्कं घर झालं, आणि त्यानं पहिली गोष्ट काय केली, तर आईच्या डोक्यावरची पाटी उतरवली. "आये, लय वाहिलीस. आता बसून खा." त्याच्या मनात आईबद्दल मायाच होती, आणि चारचौघांत मानही.

मी कामाला लागायच्या आधी कालवाच्या शिंपेनं आजींचा पाय कापला होता. त्यात पू झाला, ताप चढला, पाय मांडीपर्यंत सुजला. पुष्कळ दिवस त्या अंथरुणाला खिळून होत्या. मासळी खाल्ली की जखम चिघळते, असं घरात सगळे मानायचे. म्हणून ताटातली मासळी बंद झाली. अंडंही बंद. जखम भरली, ताप गेला, तरी मासळी काही परत आली नाही. त्याऐवजी शिरा, साबुदाणा, तुपातले लाडू. आजी भरल्या. गाल वर आले, पोट सुटलं. लुगडं नेसवायला त्रास नको म्हणून सुनेनं गाऊन आणले होते, तेच अंगावर राहिले. येणारी-जाणारी बाई म्हणायची, "बरी दिसते हो म्हातारी. तब्येत सुधारली."

माझं काम त्यांना उचलायचं. खाटेवरून, खुर्चीवरून, मोरीतून. काखेत हात घालायचा, आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवायचा आणि "हं" म्हणून ओढायचं. मला त्याची हातोटी बसली होती. त्या नुसत्या हलल्या तरी मी धावायची. मुलगा शेजाऱ्यांना सांगायचा, "बाय चांगली गावली. आयला जागचा हलू देत नाय." मला ते ऐकून बरं वाटायचं. नोकरी पक्की झाल्यासारखं.

मग नातीचं लग्न ठरलं.

आजी धवलारीण होत्या. यांच्यात लग्नाचे विधी चालू असताना धवले गातात, ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. ती खाली पाटावर बसते, गात गात सगळं करवून घेते, मध्येच उठून हळद लावते, परत बसते. गावातल्या कितीतरी पोरींची लग्नं आजींनी अशी लावली होती. नातीचं लग्न दुसरी कुणी लावणार हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

"आये, तू खुर्चीवर बसून बग," मुलगा जेवताना म्हणाला. "धवल्यांची कॅसेट मिलते आता. मी आनतो."

आजींचा हात ताटातच थांबला. "मी मेली काय रं? कॅसेट हलद लावल का पोरीला?"

"तसा नाय गो. तुला खाली बसवत नाय, म्हनून."

"कोन बोलला बसवत नाय?"

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना त्यांनी मला पाट मांडायला लावला. बसल्या. बसल्या म्हणजे, शेवटी धपकन पडल्याच. सूर लावून दोन ओळी गायल्या. आवाज अजून खणखणीत होता. मग उठायला गेल्या, तर पाय नुसते थरथरले. मी काखेत हात घातला, ओढलं, पण जमिनीवरून ते ओझं माझ्यानं उचलवेना. त्या पुढं रेलायच्या आणि परत मागं बसायच्या. शेवटी सून बाजारातून आली तेव्हा दोघींनी मिळून त्यांना खाटेवर घेतलं.

"मासली जाल्यान गावली बग," म्हणून आजी हसल्या. पण संध्याकाळी जेवल्या नाहीत. भिंतीकडं तोंड करून मला म्हणाल्या, "घाटणी, मना डॉक्टरकडं ने. पोराला सांगू नको." घाटावरची म्हणून त्या मला घाटणी म्हणायच्या. आधी टोमणा होता, पुढं नावच पडलं.

रिक्षानं नेलं. डॉक्टरबाईंनी आधी पोट बघितलं, मग गाऊन वर करून मांड्या दाबून बघितल्या, पोटऱ्या बघितल्या. मला म्हणाल्या, "इकडे ये. दोन्ही हातांनी ही पोटरी धर." मी धरली. माझी बोटं एकमेकांवर चढली. एवढ्या मोठ्या बाईची पोटरी शाळकरी पोरीसारखी. मी रोज त्यांना न्हाऊ घालत होते आणि मला ते कधी दिसलंच नव्हतं.

"यांना उठवतं कोण?"

"मीच," मी म्हटलं. जरा तोऱ्यातच.

"मग बंद कर."

मला वाटलं, झालं. गेलं काम.

त्यांनी मला स्टुलावर बसवलं. "पायातला पू आणि ताप यांच्यामुळे अंगात आतल्या आत जी सूज होती ना, ती सगळे दिवस शरीर खात होती. खाल्लं काय? मांडीचं, पोटरीचं मांस. त्यात या झोपून होत्या, म्हणून आणखी गेलं. या वयात ते झपाट्यानं जातं आणि आपोआप भरत नाही. मग तुम्ही लाडू चारलेत. वजन परत आलं, पण जे गेलं होतं ते नाही आलं. मांस गेलं आणि चरबी आली. वजनकाट्याला दोन्ही सारखीच, पण उठताना चरबी कामाला येत नाही, तिचं नुसतं ओझं होतं. आता हे तू मला सांग."

मी अडखळत सांगितलं. एका ठिकाणी चुकले, तर पुन्हा सांगायला लावलं.

रक्त तपासायला पाठवलं, अंगात अजून कुठं सूज आहे का ते बघायला. थोडी होती. एक दाढ किडून तिच्या मुळाशी पू झाला होता, ती काढवून घेतली. पोटावरची जास्तीची चरबीसुद्धा अंगातली सूज धुमसत ठेवते, हे बाईंनी मला पुढं बऱ्याच वर्षांनी सांगितलं. तेव्हा सांगितलं ते एवढंच: रोज मासळी किंवा अंडं, डाळ घट्ट, लाडू बंद. आणि उठणं. आधी खाटेवरून, ते जमलं की खुर्चीवरून, मग त्याहून खालच्या कशावरून. "तू शेजारी उभी राहायचं. पडायला लागल्या तर धरायचं. एरवी हात लावायचा नाही. तू उचलतेस तेव्हा त्यांचे पाय काहीच करत नाहीत. कळलं?"

आजींनी गाऊन खाली ओढला. त्या म्हणाल्या, "म्हंजे मी मासलीवाली, नि मासलीवाचून मेली का?"

"अजून मेला नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुढचं कोण? या."

घरी खरी पंचाईत झाली. सून वाईट नव्हती, पण घाबरली. "जखम परत चिगलली तर माज्यावं येल." आणि मुलाला कळल्यावर तो माझ्यावरच भडकला. "लोक काय बोलतील? आयला सांभालायला बाय ठेवली, नि आय आपली उठबशा काढते, बाय बगत उभी! हिला काय झाला ना, तर तू लातूरची गाडी पकडायची."

मी त्या दिवशी परत आजींना काखेत हात घालून उठवलं. दुसऱ्या दिवशीही. आजी नुसत्या माझ्याकडं बघायच्या. मला ते बघणं सोसेना. गोळ्या आणायला दवाखान्यात गेले तेव्हा बाईंना सगळं सांगून टाकलं, आणि सांगताना रडू आलं.

त्या रविवारी डॉक्टरबाई घरी आल्या. बोलावलं नव्हतं. चहा घेतला, मुलाची चौकशी केली, बंदरातलं काम कसं काय विचारलं. मग त्यालाच म्हणाल्या, "जरा उभे राहा बघू. हात छातीशी घ्या आणि हात न टेकता उठा."

मुलगा घडीच्या लोखंडी खुर्चीत बसला होता. पन्नाशीचा, पोट चांगलंच सुटलेलं. हसत हसत उठायला गेला आणि परत बसला. पुन्हा जोर केला, खुर्ची कुरकुरली, तोंड लाल झालं. तिसऱ्या वेळी कसाबसा उभा राहिला.

आजी खाटेवरून म्हणाल्या, "माज्यासाटी बाय ठेवलीस. तुज्यासाटी कोन ठेवू रं?"

सून पदर तोंडाला लावून आत पळाली. नात तर जमिनीवर लोळायचीच बाकी होती. मुलगाही हसला शेवटी. डॉक्टरबाईंनी फक्त एवढंच म्हटलं, "हिला ओरडू नका. ही माझं सांगितलेलं करतेय. काही झालं तर मला विचारा." त्या घरात माझ्या बाजूनं कुणी असं बोललेलं ते पहिलंच.

संध्याकाळी आजींच्या ताटात बोंबील आले.

मग काम सुरू झालं. सगळ्यात अवघड काम माझंच होतं. आजी उठायला लागल्या की माझे हात आपोआप पुढं जायचे. आजी डोळे वटारायच्या, "हात मागं, घाटणी!" म्हणून मी हात पाठीमागं बांधूनच उभी राहायची. त्या उठताना बाजारातली आरोळी द्यायच्या, "घ्या गो पापलेट!" आणि त्या झटक्यात उठायच्या. बसताना सावकाश बसायचं, हे बाईंनी बजावलं होतं, पण ते आजींना आवडायचं नाही. गिऱ्हाईक गेलं की बसायचंच ना धपकन, असं म्हणायच्या.

खाट जमली. खुर्ची जमायला वेळ लागला. मग मुलानंच कुठूनतरी मासळीचा लाकडी खोका आणला, तो पालथा घातला. गुडघे दुखले तर एखादा दिवस सोडायचा. एकदा खोकल्यानं आजारी पडल्या आणि खोक्यावरून परत खुर्चीवर आल्या. त्या दिवशी त्या चिडल्या, मीही चिडले. पोट तर फारसं कमी झालंच नाही. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "पोट नंतर बघू. पोटरी धर." धरली. बोटांची टोकं आता जेमतेम भेटत होती.

हळदीच्या दिवशी आजींनी गाऊन फेकला आणि लुगडं नेसल्या, कासोटा घालून, पोटऱ्या उघड्या. मांडवात पाटावर बसल्या आणि धवले सुरू केले. कॅसेट आणलेली होती, मुलानं ती खिशातच ठेवली होती. हळद लावायची वेळ आली. आजी गाता गाता थांबल्या. मुलगा पुढं झाला, दोन भाऊबंद पुढं झाले. आजींनी नुसता हात वर केला, तसे सगळे जागच्या जागी थांबले. मी मागं उभी होते, पाठीमागं माझीच मनगटं आवळून. त्यांनी एक तळवा जमिनीला टेकला, एका गुडघ्यावर वळल्या, तिथं जरा थांबल्या. मला वाटलं, राहिलं. मग उठल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी नातीला हळद लावली आणि पुढची ओळ गायली. परत बसल्या, परत उठल्या. संध्याकाळी मात्र खुर्ची मागून घेतली आणि पाय दाबून घेतले.

लग्न आटोपल्यावर मी माझी पिशवी भरून ठेवली. आजींना आता उचलायला कुणी नको होतं. मुलगा काही बोलला नव्हता, पण बोलेलच, असं धरून चालले होते. दवाखान्यात निरोप घ्यायला गेले. बाई म्हणाल्या, "कुठे चाललीस? माझ्याकडे अशा पुष्कळ म्हाताऱ्या आहेत. घरचे उचलून उचलून पांगळ्या करतायत. तू जा त्यांच्याकडे. एक-एक घर." त्यांनी पहिल्या घरी स्वतः नेऊन माझी ओळख करून दिली. मी राहायला आजींकडेच राहिले, त्यांनीच ठेवून घेतलं. "घाटणी गेली तर मी ओरडू कोनावर?" म्हणाल्या. त्यानंतर बरीच वर्षं त्या स्वतःच्या पायांनी मोरीत गेल्या.

डॉक्टरबाईंनी आता दवाखाना बंद केलाय. मागच्या वेळी भेटायला गेले तर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या. मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनीही बघितलं. मला त्यांचं कसं फेडायचं ते इतकी वर्षं सुचत नव्हतं. आता ठरवलंय. त्या ज्या दिवशी म्हणतील त्या दिवसापासून मी रोज सकाळी त्यांच्याकडे जाईन, मासळी स्वतः निवडून घेऊन जाईन आणि त्या उठेपर्यंत हात मागं बांधून शेजारी उभी राहीन. त्या कितीही ओरडल्या तरी.