'कट' म्हणेपर्यंत

चिचगडच्या पतिराम कुमरेचा कायद्याशी संबंध यायचा तो निवडणुकीपुरता. निवडणूक लागली की बापाकडून त्याच्या नावावर आलेली भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून ठासून भरायची बंदूक खांद्याला अडकवायची, ठाण्यात जमा करायची आणि पावती जपून ठेवायची. परवाना पीक राखण्याचा. रानडुकरांवर सोडलेले बार बोटांवर मोजण्याइतके. ती पुसत बसण्यावरून बायकोच्या खाल्लेल्या शिव्या मात्र मोजदादीच्या पलीकडच्या.

मागच्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या जंगलात सिनेमावाले आले. त्यांची बंदूक लाकडाची, धूर म्हणून निघेना. दिग्दर्शकाला खरी हवी होती. परवान्याची बंदूक दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, हे पतिरामला ठाऊक होतं आणि त्याने ते सांगितलंही. कंपनीचा मॅनेजर हसला. "दादा, आप साथ में रहोगे ना? फिर बंदूक आपके ही पास हुई ना!"

एक कागद पुढे आला. त्यावर पतिरामच्या नावापुढे 'शस्त्रप्रमुख' असं छापलेलं होतं. जन्मभर ज्याचं नाव फक्त मजुरांच्या हजेरीपटावर लागलं, तो असल्या शब्दाने हुरळणार नाही तर काय? हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. त्याने सही ठोकली, वर एक प्रत मागून घेतली आणि घरी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली.

अट त्याने एकच घातली, गोळी लागून मरणारा माणूस बकारामच हवा. बकाराम त्याचा लहानपणापासूनचा सोबती, दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, होणाऱ्या नाटकांत मरण्यात वाकबगार. तो पडला की बायाबापड्या डोळ्यांना पदर लावत. सिनेमावाल्यांनी अट लगेच मानली.

पतिरामने स्वतःच्या हाताने बार भरला. छर्रा नाही, गोळी नाही. नुसती दारू आणि वर गजाने ठासलेला चिंध्यांचा बोळा. जवळून नुसता बोळाही जीव घेतो, म्हणून नेम बकारामच्या डोक्यावरून, झाडाच्या शेंड्याकडे धरायचा, हे त्याने हिरोला दोनदा दाखवलं. मग सगळ्यांना ताकीद मिळाली, 'कट' म्हणेपर्यंत कोणी आवाज करायचा नाही. सकाळी एक म्हातारी खोकली म्हणून तिला चारचौघांत हाकलून दिलेलं पतिरामने पाहिलं होतं.

हिरोने चाप ओढला. ठिणगी पाडणारी टोपी फुटली, पण बार उडाला नाही. भरमार कधीकधी अशी रुसते. दारू सर्दावलेली असली की आतल्या आत धुमसत राहते. चिचगडचं शेंबडं पोरही जाणतं की अशा वेळी नळी आभाळाकडे ठेवायची आणि तंबाखू मळून होईपर्यंत जागचं हलायचं नाही. हिरोला हे कोण सांगणार? कॅमेरा चालूच होता. त्याने अभिनय न सोडता दोन पावलं पुढे टाकली आणि नळी बकारामच्या छातीला भिडवली.

पतिरामच्या घशाशी शब्द आला. पण 'कट' अजून आलं नव्हतं. त्याने शब्द गिळला. एक श्वास गेला, फार तर दोन, आणि बार उडाला. बकाराम पडला, नेहमीसारखाच छान पडला. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खटला देवरीच्या कोर्टात उभा राहिला. हिरो म्हणाला, मला बंदुकीतलं काय कळतं? दिग्दर्शक म्हणाला, मी कॅमेऱ्यात बघत होतो. मॅनेजरने शस्त्रप्रमुखाच्या सहीवर बोट ठेवलं. जो तो हात झटकून मोकळा. पतिरामचे वकील, लीलाधर बिसेन, माणूस भला. ते म्हणाले, "जाणकार माणूस नेमणं कंपनीचं काम होतं. शेतकऱ्याला शस्त्रप्रमुख म्हटल्याने त्यांची जबाबदारी सरत नाही. आपण सुटू शकतो. तुम्ही फक्त 'मला समज नव्हती' एवढंच म्हणा."

पतिराम म्हणालाही असता. पण बकारामची बायको देवकाबाई दर तारखेला त्याच्याच बसने यायची, समोरच्या बाकावर बसायची आणि एक शब्द न बोलता परत जायची. एका तारखेला मात्र ती बोलली.

"भाऊजी, ते सारे शहरातले. तुमाले त बंदूक समजते ना? मंग तुमी काऊन नाई ओरडले?"

त्या दिवशी घरी जाऊन त्याने दारावरचा कागद नखाने खरवडून काढला.

शेवटी न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?" बिसेन वकिलांनी डोळ्याने खुणावलं. पतिरामने हात जोडले.

"मले समज होती जी. दारू आत धुमसून राहिली होती, मले मालूम होतं. मी चूप राहिलो."

"का?"

"बोलू नोका म्हनलं होतं त्याईनं."

बिसेन वकिलांनी कागदांत डोकं घातलं. मॅनेजरच्या वकिलाने मात्र 'मले समज होती' हे वाक्य नीट लिहून घेण्याची विनंती केली.

बाहेर व्हरांड्यात देवकाबाई पतिरामच्या समोर येऊन उभी राहिली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच रडत होती.

"येवढ्यासाठी चूप राहिले, भाऊजी?" तिने विचारलं.

पतिरामने होकारार्थी मान हलवली.