मामांचा भाड्याचा डबा

उभ्या दादरा-नगर हवेलीत परक्या वस्तूचा माझ्या बायकोच्या मामांइतका धसका घेतलेला दुसरा माणूस सापडणार नाही. लोक सापाला भितात, विंचवाला भितात. मामा उसन्या स्क्रू-ड्रायव्हरला भितात. मूळचे रत्नागिरीकडचे. इथे सर्वेच्या ऑफिसात लागले, आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्त होऊन टोकरखाड्यात आमच्या समोरच्याच दारी राहिले. दुसऱ्यांच्या हद्दी इतकी वर्षं सांभाळल्यामुळे असेल, पण आपलं कुठे संपतं आणि परक्याचं कुठे सुरू होतं, याची एक रेघ त्यांच्या डोक्यात कायमची आखलेली आहे. चहाच्या टपरीवर ते स्वतःचा कप घेऊन जातात. सोसायटीच्या मीटिंगला स्वतःची खुर्ची नेतात आणि मीटिंगमध्ये हातघाईची वेळ आली तरी ती डोक्यावर घेऊन शांतपणे परत आणतात. वाचनालयातलं पुस्तक ते पूर्ण उघडत नाहीत, पोपटाने डाळिंबाकडे बघावं तसं एका डोळ्याने वाचतात. का, तर पुस्तकाची पाठ मोडते आणि पाठ वाचनालयाची आहे.

एकदा जवळच्या सायली गावात एका कारखान्याच्या गेटवर कसलासा फॉर्म भरताना त्यांनी वॉचमनचं बॉलपेन घेतलं आणि चुकून ते खिशात घरी आलं. मामांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून ते सायलीला हजर. वॉचमन म्हणाला, "अरे चाचा, ये तो मेरा है ही नहीं, सुपरवायझर का है." दुसरा कोणी असता तर पेन टेबलावर ठेवून आला असता. मामा शिफ्ट सुटेपर्यंत गेटवर उभे राहिले. सुपरवायझर आला, त्याने पेन ओळखलं नाही, तरी त्याच्या हातात ते सोपवूनच मामा हलले. संध्याकाळी मला म्हणाले, "जावईबापू, आता जरा मोकळं वाटतंय." चेहरा असा, की जणू मुलीचं लग्न पार पडलंय.

आम्ही एकदा सगळे वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला गेलो होतो. गाडीत शेजारच्या एका गृहस्थांनी आपली चांगली नवी दुर्बीण प्रेमाने मामांपुढे धरली. मामांनी हात मागे घेतले आणि पिशवीतून स्वतःची काढली. ती त्यांच्या नोकरीच्या काळातली, एका बाजूने आंधळी झालेली. तिच्यातून मामांनी पंधरा मिनिटं एका खडकाचं निरीक्षण केलं आणि त्याच्या आयाळीचं कौतुक केलं. खरा सिंह तेवढ्यात दुसऱ्या बाजूने जांभई देऊन निघून गेला. मामी हसून हसून लाल झाल्या. मामा मात्र समाधानात होते. "सिंह सरकारचा, दुर्बीण आपली," ते म्हणाले, "व्यवहार चोख."

अशा माणसाच्या घरात भाड्याची एक वस्तू शिरली आणि ती मामींनी आणली. केबलवाल्याने तेव्हा एक नवीन बॉक्स काढला होता, कार्यक्रम साठवून ठेवणारा. मामींची भजनाची वेळ आणि त्यांची मालिका एकमेकींवर आदळायची, म्हणून मामा बाजारात गेलेले बघून मामींनी तो बसवून घेतला. बॉक्स केबलवाल्याचा, आपण फक्त भाडं द्यायचं. मामांनी त्याचं नाव 'डबा' ठेवलं आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या रिमोटला ते हात लावत नसत. बातम्या बघायच्या झाल्या तर "अगं, त्या तुझ्या डब्याला सांग" असं म्हणत. डबा बिघडला तर लोक काय म्हणतील, म्हणून त्याच्यावर पाणी सांडू नये, ऊन पडू नये, झुरळ शिरू नये याची काळजी मात्र स्वतःच्या बीपीपेक्षा जास्त. मामी म्हणायच्या, "माझ्या माहेरच्या माणसांची एवढी बडदास्त कधी ठेवली नाहीत!"

मामी जाऊन तीन वर्षं झाली. मला वाटलं होतं, तेराव्याच्या आत मामा डबा परत करतील. त्यांनी केला नाही. उलट त्याचा रिमोट चालवायला शिकले. रोज दुपारी चारला चहाचा कप घेऊन ते टीव्हीसमोर बसायचे. दार उघडं असलं की आम्हाला निळसर उजेड दिसायचा, आवाज कधी येत नसे. आपल्या टीव्हीचा आवाज दुसऱ्याच्या घरात जाऊ नये ही मामांचीच शिस्त असणार, असं आम्ही धरून चाललो. काय बघतात तेही आम्हाला ठाऊक होतं. इथल्या केबलवरच्या चॅनेलने कधीतरी गृहिणींच्या पदार्थांचा एक कार्यक्रम केला होता आणि त्यात मामींनी तवसोळी, म्हणजे आमच्याकडचा काकडीचा केक, करून दाखवली होती. अकरा मिनिटांचा तो भाग मामींनी स्वतः डब्यात साठवून ठेवला होता. मामींचे फोटो होते, पण हलत्या-बोलत्या मामी म्हणाल तर जगात एवढ्याच, अकरा मिनिटांच्या, आणि त्याही भाड्याच्या डब्यात.

यंदा तो डबा कुरकुरायला लागला. आधी थांबून थांबून, मग रोज, जात्यात खडा आल्यासारखा. केबलवाला धुळ्याकडचा, मोठ्या मिशांचा, भला माणूस. त्याने डब्याला कान लावला आणि मान हलवली. "काका, ह्याचं काही खरं नाही ना आता. डिस्क गेली समजा. मी दुसरा देतो ना, नवा."

"आणि आतलं?"

"आतलं नाही निघत ना, काका. लॉक असतं. पेन ड्राइव्हमध्ये घ्या, मोबाइलमध्ये घ्या, काहीच नाही चालत. बॉक्स गेला का ते बी गेलं."

त्या दिवशी मामांनी चहा घेतला नाही. संध्याकाळी माझ्याकडे आले, स्वतःची खुर्ची विसरून आमच्या खुर्चीवर बसले, आणि प्रकरण गंभीर आहे हे तिथेच माझ्या बायकोने ओळखलं. मी थोडी चौकशी केली. एक मार्ग होता. डब्याच्या पाठीमागून पिवळ्या, लाल, पांढऱ्या वायरी बाहेर येतात. त्या टीव्हीऐवजी आपल्या मालकीच्या रेकॉर्डरला जोडायच्या, डबा सुरू करायचा आणि समोर जे चालेल ते रेकॉर्डर टिपून घेईल. मामांचे डोळे चमकले. "आपल्या मालकीचा?" त्यांनी विचारलं. एवढं एकच त्यांच्या कानात शिरलं होतं.

रेकॉर्डरसाठी आम्ही वापीला तीन रविवार घालवले. असली यंत्रं आता कोणी ठेवत नाही. शेवटी एका दुकानदाराने माळ्यावरून धूळ झटकत एक काढला. "काका, आ तो जूनुं मॉडल छे, हवे कोई लेतुं नथी," तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला. मामांनी यंत्र चालतं का हे विचारायच्या आधी त्याला विचारलं, "ये पूरा हमाराच रहेगा ना? बाद में कोई मांगने को तो नहीं आयेगा?" दुकानदाराने गळ्याची शपथ घेतली. येताना बसमध्ये मामांनी ते खोकं मांडीवर घेतलं होतं आणि मला धरायला दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचा मुहूर्त ठरला. मी डबा रेकॉर्डरला आणि रेकॉर्डर टीव्हीला जोडून उठलो, तो मामांनी पंखा बंद केला. मग खिडक्या लावल्या. मग भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. आमच्या घरात जाऊन माझ्या बायकोला कुकर न लावण्याबद्दल बजावून आले. मी सांगितलं, "मामा, वायरीतून रेकॉर्ड होतं, खोलीतला आवाज त्यात जात नाही." मामांनी माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. फार वर्षांपूर्वी त्यांनी टेपवर एक कीर्तन उतरवलं होतं आणि त्यात हरदासांपेक्षा शेजाऱ्याचा खोकला स्पष्ट आला होता. तो खोकला ते विसरलेले नव्हते. शेवटी आम्ही दोघं त्या बंद खोलीत घामाने निथळत अकरा मिनिटं पुतळ्यासारखे बसलो. मध्ये मला शिंक आली, ती मी गिळली. पुढे दोन दिवस कान दुखत होता.

मग रेकॉर्डरवरचं लावून बघितलं. चित्र लख्ख. मामी आल्या, हसल्या, काकडी किसायला लागल्या, ओठ हलले. आवाज नाही. मी वायरी काढून पुसून पुन्हा लावल्या. टीव्हीचा आवाज वाढवला. काही नाही. एवढ्या शांततेत टिपलेलं, आणि आलीही नुसती शांतताच! मी डब्याचा रिमोट उचलला, आवाजाचं बटण दाबून बघितलं, आणि पडद्यावर शून्याचा आकडा आला.

"मामा, डब्याचाच आवाज शून्यावर आहे. म्हणून रेकॉर्डमध्ये आला नाही."

"असतोच," मामा म्हणाले. "तीन वर्षं तसाच आहे."

मला कळायला वेळ लागला. रोज चारला ते मामींना नुसते बघत होते. शेजाऱ्यांना त्रास नको वगैरे काही नव्हतं. आवाज ऐकवत नव्हता त्यांना.

डबा मध्येच कुरकुरला. मामांनी त्याच्याकडे बघितलं, मी मामांकडे. मी म्हणालो, "असं करू. डब्याचा आवाज मोठा ठेवू आणि टीव्हीचा बंद. वायरीतून आवाज जाईल, खोलीत येणार नाही. तुम्हाला ऐकावं लागणार नाही. वाटलं तर तुम्ही आमच्याकडे जाऊन बसा, मी उरकतो."

मामा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, ते उठतील. मग म्हणाले, "आणि बरोबर उतरलंय की नाही, ते कोण तपासून घेणार?"

"मी तपासतो ना."

"नाही, जावईबापू. वस्तू आपली म्हणायची तर आपण तपासून घ्यावी. लावा. आवाज लावा."

मी लावला. खिडक्या बंद करायचं मामांना या वेळी सुचलं नाही. मामींचा तो जाडसर, ठसकेबाज आवाज तीन वर्षांनी त्या खोलीत आला. कार्यक्रमातल्या हिंदी बोलणाऱ्या मुलीला त्या कोकणातल्या हिंदीत दटावत होत्या, "काकडी किसने का, पिळने का नहीं! पानी फेका तो फिर रहा क्या उसमें?" मामांच्या ओठांवर हसू आलं. गूळ घातला गेला, हळदीचं पान खाली अंथरलं गेलं. मग पातेलं गॅसवर चढवताना मामी एकदम कॅमेऱ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "आमचे हे आत्ता घरी बघत असतील. अहो, बघत काय बसलात, दोरीवरचे कपडे काढा आधी!"

मामा उठले. खरंच उठले, आणि गॅलरीत गेले. दोरीवर एक टॉवेल आणि एक बनियन होता. दोन्ही काढले, नीट घड्या घातल्या, आणि घड्या हातात घेऊनच परत खुर्चीवर येऊन बसले. पडद्याकडे बघून हळूच म्हणाले, "काढले." मी मान खाली घातली. इतकी वर्षं मी त्यांची थट्टा करत आलो होतो, त्याची त्या क्षणी मला लाज वाटली. आणि त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

आवाजासकट सगळं उतरलं. मामांनी दोनदा तपासलं. त्यानंतर डबा परत करायची तयारी सुरू झाली, आणि ती मात्र साग्रसंगीत. मामांनी तो मऊ फडक्याने पुसला, फटींतली धूळ दात घासायच्या जुन्या ब्रशने काढली, रिमोटचं प्लॅस्टिक बदललं. आत साठलेल्या मालिका, बातम्या, प्रवचनं एकेक करून उडवली. परक्याच्या वस्तूत आपला केरकचरा राहता कामा नये, हे त्यांचं तत्त्व.

केबलवाला न्यायला आला. नेण्याआधी त्याने एकदा चालू करून यादी बघितली आणि म्हणाला, "काका, सगळं साफ केलं ना तुम्ही, पण हे एक राहिलं. काकूंचं आहे. उडवू का?"

"राहिलं नाही. ठेवलंय."

"पण ऑफिसात नेल्यावर मी हा पुसणारच ना, काका. मग भंगारात जाईल."

"ते तुमचं तुम्ही बघा. वस्तू तुमची आहे," मामा म्हणाले. "पण आपल्या घरातनं कुणाचा डबा रिकामा परत गेलेलं हिला कधी चाललं नाही. निदान साखरेचे चार दाणे तरी घालायची."

केबलवाल्याची आईही तेच करत असणार. आणलेल्या थैलीत त्याने डबा कोंबला नाही. दोन्ही हातांत धरला आणि पायऱ्या बघत सावकाश जिना उतरून गेला. मामा उंबरठ्यावर उभे होते. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला, तो दूर गेला, तरी ते तिथेच.

"भाड्याचा होता," ते म्हणाले, "पण गुणाचा होता हो."