म्हात्रे सरांचा परिपूर्ण पासवर्ड

आमच्या खारघरच्या क्लासच्या स्टाफरूममध्ये दोनच गोष्टी रोज साठतात: न धुतलेले कप आणि म्हात्रे सरांचे किस्से. कप शेवटी कुणीतरी धुतं. किस्से कुठे ठेवायचे?

मी केमिस्ट्री शिकवते, सर मॅथ्स. माणूस लाखात एक, पण आकडा दिसला की त्याचं कूळ-गोत्र काढल्याशिवाय सोडत नाहीत!

*

क्लासमध्ये वायफाय आलं. पासवर्ड आठ आकडी हवा होता. सरांनी ठेवला ३३५५०३३६ आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, "पासवर्ड: आठ अंकी परिपूर्ण संख्या."

"म्हणजे काय, सर?"

"सहाला एक, दोन, तीनने भाग जातो. त्यांची बेरीज पुन्हा सहाच! म्हणून सहा परिपूर्ण. मग अठ्ठावीस. आठ अंकी अशी एकच आहे, शोधा!"

मुलं मोबाइल डेटावरच राहिली. क्लासच्या मालकीणबाईसुद्धा आठवडाभर माझ्याकडे हॉटस्पॉट मागत होत्या.

*

सर चौतीस वर्षांचे, लग्न काही ठरत नव्हतं. करंजाड्याच्या घरी त्यांच्या आईने टेन्शन घेतलेलं, आणि सर हल्ली डबाही एकटेच खायचे. मला खरंच वाईट वाटायचं.

पहिली मुलगी बघायला गेले. पोहे आले.

"वय किती?"

"सत्तावीस."

सर आनंदाने ओरडले, "अरे वा, पूर्ण घन!"

तीन गुणिले तीन गुणिले तीन, एवढंच हो! पण मुलीची आई ताडकन उठली. "आमची मुलगी जाड वाटते का तुम्हाला?"

*

दुसरीशी पत्रिका जुळली. छत्तीसपैकी बत्तीस गुण! पेढे आले. सर मात्र कागदावर बत्तीसचे भाजक, एक, दोन, चार, आठ, सोळा, मांडून बसले.

"बेरीज एकतीसच भरते. बत्तीस न्यून आहे!"

मुलीच्या काकांना शेवटचे दोनच शब्द ऐकू आले. "आमच्या मुलीत न्यून?" पेढे आले तसे परत गेले.

*

तिसरी सानपाड्याची. अठ्ठावीस गुण! सरांचा चेहरा असा खुलला की आईने तिथेच दम भरला, "एक पन आकडा तोंडातून काढलास तं बग!"

मुलगी म्हणाली, क्लासमध्येच भेटू. वडिलांना घेऊन आली. सर आणि आई समोर बसले, आणि मी चहा द्यायच्या निमित्ताने तिथेच घुटमळले.

"किती वर्षं शिकवताय?" तिने विचारलं.

सर छताकडे बघायला लागले.

"बॅचेस किती असतात?"

सरांनी घाबरून बोटं दाखवली. मी मनात म्हटलं, हीपण गेली!

मुलगी वैतागली. "बरं, वायफायचा पासवर्ड तरी सांगाल?"

सरांनी आईकडे बघत निमूट फळ्याकडे बोट केलं. तिने फळा वाचला, फोनवर आठ वेळा बोट आपटलं. कनेक्टेड!

सर खुर्चीतून अर्धे उठले.

"या अंकांची बेरीज केलीत कधी?" ती हळूच म्हणाली. "आपले गुणपण तेवढेच जुळलेत."

सरांनी पुन्हा आईकडे पाहिलं.

"बोल बाबा," आई म्हणाली, "आता काय ते बोल!"