गणपतभाऊंचा वस्तरा, वहिनींची पावशी

घरी कोणी असलं की माणूस जेवता जेवता दिवसभराचे किस्से सांगून मोकळा होतो. मी नागपूरला जरीपटक्यात एका खोलीत एकटा राहायचो. सांगणार कोणाला? म्हणून माझ्याजवळ किस्से साचत गेले. आणि तेही बहुतेक एकाच जागेचे, बाजाराच्या टोकाला असलेल्या गणपतभाऊंच्या सलूनचे.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. गाव रामटेककडे, नोकरी नागपुरात सरकारी कारकुनाची. लग्न झालं नव्हतं, पुढेही झालं नाही. ऑफिस सुटलं की मी सलूनच्या बाकावर जाऊन बसायचो. दाढी वाढलेली असो नसो!

*

गणपतभाऊंच्या वस्तऱ्याला तोड नव्हती. दगडावर पाण्याचे दोन थेंब टाकून वस्तरा अगदी सपाट ठेवायचे, वरून दाब असा नाहीच. मग चामड्याच्या पट्ट्यावर उलटसुलट फिरवत पाजवायचे.

"वस्तऱ्याले निजवा लागते बाबू," ते मला सांगायचे. "दाबलं का रुसते तो."

सलूनच्या मागच्याच खोल्यांत त्यांचं घर. एकदा सुभद्रावहिनींनी पावशी पुढे केली. पावशी म्हणजे पुण्याकडची विळी. "जगाच्या वस्तऱ्याले धार लावता, माह्या पावशीले कोण लावीन?"

भाऊंनी कौतुकानं ती पावशी वस्तऱ्यासारखी पाजवली. अख्खी दुपार त्यातच गेली. शेवटी मनगटावर फिरवली तर केस उडाले! वहिनींनी तिच्यावर कोहळं ठेवलं, जोर दिला, आणि पातळ झालेल्या धारेचा टवकाच उडाला.

वहिनी पावशी घेऊन तडक सलूनमध्ये. खुर्चीत गिऱ्हाईक, तोंडाला फेस.

"अवो, मले भाजी चिरायची हाय, भाजीची दाढी नाई करायची!"

गिऱ्हाईक इतकं हसलं की फेस बाकापर्यंत उडाला.

*

तेव्हापासून पावशी बन्सीकडे जायला लागली. बन्सी धारवाला. सायकल स्टँडवर चढवायचा, पायडल मारायचा आणि फिरत्या दगडावर चाकू, कैच्या, पावश्या धरायचा. ठिणग्या उडायच्या. माणूस मूळचा बिहारकडचा, पण मराठी आमच्यासारखीच.

"भाऊ, पावशीले बारीक बारीक दात लागतात," तो भाऊंना चिडवायचा. "तुमची धार लई चिकनी. टमाटरावरून घसरून जाते."

"अन् तुह्या धारेनं कोणाचा गाल खरडून दाखव गा!"

दोघांचं हे रोजचं. पण एकदा खरंच तसं झालं. भाऊ गावाला गेले होते. गल्लीत एक रिटायर्ड स्टेशनमास्तर राहायचे, आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो. त्यांनी आपला वस्तरा बन्सीला दिला. बन्सी नको नको म्हणत होता. साहेब म्हणाले, "धार म्हणजे धार! लाव!"

बन्सीनं लावली. दुसऱ्या दिवशी साहेब हनुवटीला कापूस लावून सलूनमध्ये आले आणि रुमालातून वस्तरा काढला. भाऊंनी तो उजेडात धरला, पात्यावर अंगठा आडवा फिरवला.

"साहेब, यानं आता संत्रं सोला."

सगळे हसले. साहेबांनी वस्तरा पुन्हा रुमालात गुंडाळला.

"वडिलांचा होता," ते म्हणाले. "सोलीन."

*

पावसाळ्याच्या शेवटी वहिनी गेल्या. काविळीनं. मूलबाळ नव्हतं. भाऊंनी तेरावं झाल्यावर सलून उघडलं आणि काही झालंच नसल्यासारखे कामाला लागले.

फरक एकच पडला. वस्तरा पाजवणं संपेचना! गिऱ्हाईकाच्या तोंडाला साबण लावायचा आणि पट्ट्याकडे वळायचं. सट सट, सट सट. एकदा मीच खुर्चीत होतो. फेस वाळून गाल ओढायला लागले.

"गणपतभाऊ, साबण वाळला न!"

"वाळू द्या. पुन्हा लावतो." हात थांबला नाही. "घरी जाऊन बी काय करून राहिले तुम्ही?"

त्यांनी पुन्हा साबण लावला.

*

बन्सी त्या वेळी मुलुखाला गेला होता. त्याला काही ठाऊक नव्हतं. परत आल्यावर त्यानं नेहमीसारखी मागच्या दारी सायकल लावली आणि हाक दिली, "वहिनी, पावशी!"

भाऊंनी ब्रश ठेवला, आत गेले, पावशी घेऊन मागच्या दारात उभे राहिले. मीही मागून गेलो.

"वहिनी कुठं गेल्या?"

"नाई राहिली गा."

बन्सीनं डोळे पुसले, पावशी हातात घेतली, पात्यावर बोट फिरवलं.

"भाऊ, मी लावून दिली होती तशीच हाय धार. वापरलीच नाई कोणी."

"मंग नको लावू धार," भाऊ म्हणाले. "नुसतं चाक फिरव. आवाज होऊ दे."

बन्सीनं पायडल मारलं.

*

पुढे ब्लेडचा जमाना आला. पोरं म्हणायला लागली, नवं ब्लेड लावाल तर बसतो. भाऊंनीही अर्धं ब्लेड बसवायचा होल्डर आणला. पहिल्याच गिऱ्हाईकासमोर त्यांनी पुडी फोडली, ब्लेड अडकवलं, आणि होल्डर घेऊन वळले पट्ट्याकडे! सट सट, सट सट.

"काका, नवं हाय ते!" पोरगं ओरडलं.

भाऊ ओशाळले. ब्लेड काढून दुसरं लावलं.

"मले ठाऊक हाय गा," ते म्हणाले. "हाताले कोण सांगीन?"

*

एका हिवाळ्यात मला ताप भरला. सलूनला जाणं झालं नाही. ऑफिसातून कोणी आलं नाही, येण्यासारखं कोणी नव्हतंच. एका संध्याकाळी दारावर थाप पडली. गणपतभाऊ, काखेत पेटी.

"तुमचा बाक रिकामा दिसला," म्हणाले.

पलंगावरच बसवून त्यांनी जुन्याच वस्तऱ्यानं माझी दाढी केली. मग विचारलं, "जेवले?"

मी नकारार्थी मान हलवली. मी खानावळीत जेवणारा माणूस. खोलीत एक स्टोव्ह, एक पातेलं, एक ताट, चहाचं सामान. भाऊ खाली जाऊन तांदूळ, मुगाची डाळ, कांदा घेऊन आले. इकडेतिकडे पाहिलं.

"चाकू?"

"नाई."

भाऊंनी पाणी उकळलं, वस्तऱ्यावर ओतलं, धोतराच्या सोग्याला पुसला आणि कांदा चिरायला घेतला. कांदा कागदासारखा पडत होता. उजेड आरपार दिसावा असा.

"भाऊ, वस्तऱ्याची धार जाईन."

"गेली तं लावता येते."

खिचडी शिजली. मला वाढली, स्वतः स्टोव्हजवळ बसून राहिले. मी दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर त्यांनी ताट घासलं, पेटी आवरली, दारापर्यंत गेले आणि थांबले.

"बाबू," त्यांनी विचारलं, "उद्या बी ताप राहीन न?"

ताप दुपारीच उतरला होता.

"वाटते तं तसंच," मी म्हटलं.